कपाटाची किल्ली कोणाकडे?

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या मध्यास आम्ही एका तालुक्याच्या गावी विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रदर्शन तेथील माध्यमिक शाळेत भरले होते. आठवीतल्या एका मुलीने शाळेच्या पटांगणात पुठ्ठ्याचे छायाघड्याळ मांडले होते. काम नीटनेटके होते, पण तिचा चेहरा उतरलेला होता. तिचे घड्याळ मनगटी घड्याळापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटे मागे होते. तिने काट्याचा कोन दोनदा तपासला होता, उत्तर दिशाही पुन्हा ठरवली होती. मांडणीतच कुठेतरी चूक असणार, असे तिच्या विज्ञान शिक्षकांचे मत पडले होते.

चूक कोठेच नव्हती. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ते गाव ७५ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या तीस मिनिटे मागे असतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे छायाघड्याळ आणि आपले घड्याळ यांच्यात वर्षभर कमीजास्त अंतर पडते. जानेवारीच्या मध्यास ते सुमारे नऊ मिनिटांचे असते. तीस आणि नऊ मिळून एकोणचाळीस. त्या मुलीने पुठ्ठा आणि दोरा वापरून पृथ्वीच्या भ्रमणाचा एक बारकावा मोजला होता आणि तरी ती खाली मान घालून उभी होती.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा झाला. भिंतीशी काचेच्या दारांची तीन लोखंडी कपाटे होती. हेच शाळेचे ग्रंथालय. दुसऱ्या कपाटात, वरून तिसऱ्या फळीवर, खगोलशास्त्राचे एक मराठी पुस्तक होते. आमच्या परिचयाचे. छायाघड्याळाची ही सगळी हकिकत त्यात आकृतीसह दिलेली आहे. मुलगी आणि पुस्तक यांच्यामध्ये तीस-चाळीस पावलांचे अंतर होते आणि एक कुलूप होते.

ग्रंथालय ज्यांच्याकडे होते त्या शिक्षकांना आम्ही विचारले. त्यांनी प्रांजळपणे सांगितले, "सर, ही पुस्तके डेडस्टॉकला लागलेली आहेत. माझ्याआधी ज्या गुरुजींकडे चार्ज होता, ते निवृत्त झाले तेव्हा अकरा पुस्तके कमी भरली. त्यांना खिशातून भरून द्यावी लागली. मी चार्ज घेतला तो कपाट उघडायचे नाही असे ठरवूनच."

हे शिक्षक आळशी नव्हते की वाचनाचे शत्रूही नव्हते. ते घाबरलेले होते. शालेय ग्रंथालयांविषयी आपण बोलतो तेव्हा पैसा, जागा आणि पुस्तकांची संख्या यांचीच चर्चा होते. या भीतीची चर्चा होत नाही. वास्तविक ग्रंथालयांचा इतिहास पाहिला, तर तो बऱ्याच अंशी या भीतीचा आणि तिच्यावर काढलेल्या तोडग्यांचाच इतिहास आहे.

साखळदंडातील पुस्तके

इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये एक जुने ग्रंथालय आजही पाहायला मिळते. तेथील पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळ्यांना बांधलेली आहेत. साखळी पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला जोडलेली असते, म्हणून पुस्तके आपल्या पद्धतीच्या उलट, म्हणजे पाठ आत आणि पाने बाहेर अशी ठेवलेली असतात. साखळी पोचेल इतकेच पुस्तक खाली काढायचे, फळीखालच्या उतरत्या मेजावर ठेवून वाचायचे आणि परत जागेवर ठेवायचे.

आज याचे हसू येते, पण त्या काळी त्यात शहाणपण होते. छपाई नव्हती तेव्हा एक ग्रंथ उतरवून काढायला महिनेच्या महिने लागत. चामड्याच्या एका ग्रंथासाठी कितीतरी जनावरांची कातडी खर्ची पडे. असा ग्रंथ हरवला तर तो पुन्हा मिळेलच याचा भरवसा नसे. जपून ठेवणे हेच तेव्हा ग्रंथालयाचे पहिले काम होते.

पंधराव्या शतकाच्या मध्यास, १४५५च्या सुमारास, गुटेनबर्गच्या छापखान्यातून बायबल बाहेर पडले आणि पुस्तकांची टंचाई संपण्यास सुरुवात झाली. साखळ्या मात्र त्यानंतरही दोन-तीनशे वर्षे टिकल्या. कारण नाहीसे झाले तरी त्या कारणासाठी केलेला नियम मागे राहतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

साखळ्या गेल्या, पण त्यांच्या जागी कठडा आला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जी सार्वजनिक ग्रंथालये निघाली, त्यांत वाचकाला पुस्तकांच्या फळ्यांजवळ जाता येत नसे. यादीत पुस्तक शोधायचे, ते आत आहे की बाहेर गेले आहे हे एका फलकावर पाहायचे आणि कठड्यापाशी उभे राहून मागायचे. ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक नाही त्याने काय मागावे? १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागातील ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांनी वाचकांना थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिले. चोऱ्या होतील, पुस्तके अस्ताव्यस्त होतील, असा गदारोळ त्यांच्याच व्यवसायबंधूंनी केला. पण हळूहळू ही मुक्तद्वार पद्धत इंग्लंडभर रूढ झाली.

कुंभकोणमचे एक पुस्तक

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? १९०३ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे टाउन हायस्कूलमध्ये श्रीनिवास रामानुजन हा विद्यार्थी शिकत होता. त्याचे वय पंधरा-सोळा. त्याच्या मित्रांनी तेथील सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातील गणिताचे एक पुस्तक त्याला मिळवून दिले. ते जी. एस. कार यांचे. कार लंडनमध्ये केंब्रिजच्या परीक्षेसाठी विद्यार्थ्यांची खासगी तयारी करून घेत आणि त्यातूनच हे पुस्तक तयार झाले होते. आजच्या भाषेत ते जवळजवळ गाइडच. सुमारे पाच-सहा हजार सूत्रे आणि प्रमेये ओळीने मांडलेली, सिद्धता असली तर नावापुरती.

केंब्रिजच्या परीक्षार्थींना जे पाठ करण्यासाठी होते, ते रामानुजनला कोडे म्हणून मिळाले. सिद्धता दिलेली नाही, म्हणून तो एकेक सूत्र स्वतः सिद्ध करू लागला आणि तसे करता करता पुस्तकात नसलेल्या सूत्रांकडे वळला. दहा वर्षांनंतर हार्डी यांना त्याने जे पत्र पाठवले, त्याची मुळे या पुस्तकात आहेत.

या हकिकतीत आपल्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की पुस्तक शाळेचे नव्हते, कॉलेजचे होते. नियमाने पाहिले तर शाळकरी मुलाच्या हाती ते यायचे कारण नव्हते. कोणीतरी ते ग्रंथालयातून बाहेर काढले आणि रामानुजनच्या हवाली केले, म्हणूनच ते त्याला मिळाले. दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. १९०४ मध्ये रामानुजन त्याच कॉलेजात शिष्यवृत्तीसह दाखल झाला, पण गणितापलीकडे कशात लक्ष नसल्यामुळे इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गमावून बसला. कॉलेजच्या वर्गाला जे जमले नाही, ते कॉलेजच्या ग्रंथालयातील एका पुस्तकाने आधीच करून ठेवले होते.

पण असे मित्र प्रत्येकाला लाभत नाहीत. रामानुजनच्या बाबतीत योगायोगाने जे घडले, ते योगायोगावाचून घडावे यासाठी ग्रंथालयाची व्यवस्था असते.

बडोद्याच्या पेट्या

अशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी करण्याचा आपल्या देशातील पहिला प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. तो करणारे राजे मराठी मुलखातले, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. तेव्हा एक नवीन प्रश्न उभा राहिला. मूल चार इयत्ता शिकले आणि पुढे हाती पुस्तकच पडले नाही, तर ते अक्षरे विसरते. मग शाळेवर केलेला खर्च वाया गेला म्हणायचा. शाळेपाठोपाठ ग्रंथालय हवे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

१९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तकांवर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. भारतातील हा असा पहिला वर्ग. १९१२ पासून बडोद्यातून ग्रंथालयांविषयी एक नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

बॉर्डन यांचे एक साहाय्यक होते मोतीभाई अमीन. ते पेशाने शिक्षक. सरकारी योजना येण्यापूर्वीच त्यांनी मित्रमंडळांच्या मार्फत खेड्यांतून लहान लहान वाचनालये काढली होती. बडोद्याच्या चळवळीला खेड्यात मूळ धरता आले ते बऱ्याच अंशी या शिक्षकामुळे.

खेड्यातील ग्रंथालयाचा नियम साधा होता. गावाने वर्षाला काही रक्कम जमवायची, तेवढीच रक्कम स्थानिक पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालय शाळेतच असे आणि शिक्षकच ते सांभाळत. ज्या गावाला तेही शक्य नव्हते, तेथे फिरती पेटी जाई. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती पाठवायची, वाचून झाली की ती परत घेऊन दुसरी द्यायची. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा.

शिक्षकांनी या पेटीचा नीट विचार करावा. पेटी गावाला पाठवण्याचा अर्थ, पुस्तक नजरेआड होणार हे राज्यकर्त्यांनी आधीच मान्य केले होते. ते मळणार, फाटणार, क्वचित हरवणारही. सोडवत नसेल त्याला पेटी पाठवता येत नाही. पुढे १९३१ मध्ये तमिळनाडूतील मन्नारगुडीजवळच्या खेड्यांतून बैलगाडीवरचे ग्रंथालय फिरू लागले, तेही याच समजुतीवर.

गणिताचे मास्तर ग्रंथपाल होतात

या समजुतीला शास्त्राचे रूप दिले ते एका शिक्षकाने. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२चा. त्यांनी गणितात एम.ए. केले, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि मंगळूर, मग मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवू लागले. नुसते व्याख्यान देण्यापेक्षा मुलांना वाचायला लावून, प्रश्न विचारून शिकवण्यावर त्यांचा भर असे.

जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच ते कंटाळले. ग्रंथालयात फारसे कोणी फिरकतच नसे. मला पुन्हा शिकवायला येऊ द्या, असे सांगायला ते आपल्या जुन्या कॉलेजात गेले. आधी ठरल्याप्रमाणे लंडनला जाऊन या आणि मग काय ते ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले.

लंडनमध्ये त्यांचे शिक्षक होते बर्विक सेयर्स. हे क्रॉयडन येथील ग्रंथपाल आणि बालग्रंथालयांचे जाणकार. इंग्लंडमधील कितीतरी ग्रंथालये रंगनाथन यांनी पाहिली. मुले, कामगार, गृहिणी फळ्यांमधून मोकळेपणाने हिंडत आहेत, हवे ते पुस्तक काढून चाळत आहेत आणि ग्रंथपाल त्यांना मदत करीत आहेत, हे दृश्य मद्रासच्या ओस ग्रंथालयाहून फार वेगळे होते. १९२५ मध्ये ते परतले ते शिकवण्याचा विचार सोडूनच. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या वेळा त्यांनी वाढवल्या, फळ्या वाचकांना मोकळ्या केल्या आणि वाचकाला मदत करणे हे कर्मचाऱ्यांचे मुख्य काम ठरवले.

गणिताचा माणूस असल्यामुळे या साऱ्या नियमांच्या मुळाशी थोडीशी गृहीतके असली पाहिजेत, असे त्यांना वाटत राहिले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. पुस्तके वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पहिला नियम इतका साधा आहे की तो सांगण्याची गरज काय, असे वाटते. पण साखळदंड, कठडे आणि कुलुपे यांचा सगळा इतिहास या एका नियमाच्या उल्लंघनाचा आहे.

रामानुजनच्या हकिकतीला हे नियम लावून पाहा. एका दुर्लक्षित पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला आणि एका वाचकाला त्याचे पुस्तक. पुढे १९६७ मध्ये रंगनाथन यांनीच रामानुजनचे चरित्र लिहिले, यात आम्हाला तरी आश्चर्य वाटत नाही.

अकरा पुस्तकांचा हिशेब

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी १९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९५३च्या अहवालात शाळांच्या ग्रंथालयांचे जे वर्णन आहे, ते वाचताना आपल्याच शाळेत उभे असल्यासारखे वाटते. पुस्तके जुनी, मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, अपुऱ्या जागेत कपाटांत ठेवलेली आणि एखाद्या कारकुनाकडे किंवा ग्रंथालयात रस नसलेल्या शिक्षकाकडे सोपवलेली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जोडीला वर्गावर्गांत लहान ग्रंथालये असावीत, ही सूचनाही आयोगाने केली होती.

त्यानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली आणि प्राथमिक शाळांना पुस्तके मिळाली. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक ठरवले. या पावलांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण कायदा पुस्तके कपाटापर्यंत आणू शकतो. तेथून पुढचा प्रवास शाळेच्या हातात असतो.

त्या शाळेत आम्ही शिक्षकांबरोबर बसून एक हिशेब केला. संग्रह सुमारे सहाशे पुस्तकांचा. आधीच्या गुरुजींकडे चार्ज बारा वर्षे होता. बारा वर्षांत अकरा पुस्तके गेली, म्हणजे वर्षाला एकही नाही. सहाशेत वर्षाला एक धरले, तरी हजारी दोनहूनही कमी. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या याहून अधिक फुटतात आणि त्या फुटणारच असे आपण धरून चालतो. नळी फुटली म्हणून कोणी प्रयोग बंद करत नाही. कपाट बंद ठेवल्याने वर्षाला एक पुस्तक वाचले खरे, पण सहाशे पुस्तके मुलांच्या दृष्टीने हरवली. शिवाय वाळवी आणि कसर यांना कुलूप अडवत नाही.

म्हणून या भीतीचा बोजा एका शिक्षकाच्या खांद्यावरून उतरला पाहिजे. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाअखेर बसून फाटलेल्या व हरवलेल्या पुस्तकांची यादी पाहावी आणि रीतसर ठराव करून नोंद घ्यावी. दुरुपयोग झाला असेल तर जाब जरूर विचारावा. पण वापरात झालेले नुकसान शिक्षकाच्या पगारातून भरून घेणे म्हणजे, कपाट उघडू नका, असे त्याला लेखी कळवण्यासारखे आहे.

हे होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बडोद्याची पेटी कोणत्याही वर्गात करता येते. खोक्यात वीस पुस्तके भरा, महिनाभर एका वर्गाला द्या, नोंद मुलांनाच ठेवू द्या आणि महिना संपला की शेजारच्या वर्गाच्या खोक्याशी अदलाबदल करा. विज्ञानाचा धडा सुरू करण्यापूर्वी त्या विषयावरचे काय काय कपाटात आहे, ते शिक्षकाने स्वतः चाळून ठेवावे. आपल्याला न सुटलेला मुलांचा प्रश्न टिपून ठेवावा आणि त्याचे उत्तर मुलांसमवेतच शोधावे. ग्रंथालयाची गरज मुलांइतकीच आपल्यालाही आहे. छायाघड्याळाचे ते पुस्तक हाती असते, तर त्या विज्ञान शिक्षकांनी मुलीची मांडणी चुकीची ठरवली नसती.

त्या दिवशी चहा झाल्यावर ग्रंथालयाच्या शिक्षकांनी खिशातून किल्ली काढली. दुसरे कपाट उघडले, खगोलशास्त्राचे पुस्तक काढले आणि त्यावरची धूळ रुमालाने पुसली. देवघेवीच्या नोंदवहीतली शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची होती. त्याखाली त्यांनी तारीख घातली, पुस्तकाचा क्रमांक लिहिला आणि घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. मग शिपायाला पाठवून त्या मुलीला बोलावून घेतले.

तिने पुस्तक तिथेच उघडले. आकृतीचे पान सापडायला तिला फार वेळ लागला नाही. पुस्तक परत केव्हा करायचे, असे तिने विचारले तेव्हा शिक्षक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आधी वाचून तर होऊ दे."